काचेचे फोटो मॅग्नेट आणि जिओकॅशिंगचे डबे : तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात जिओकॅशिंगच्या (म्हणजे कुणीतरी लपवलेला डबा जीपीएसनं शोधायच्या खेळातल्या) डब्यांत ठेवायला हातानं करायच्या छोट्या वस्तूंबद्दल लिहिलं होतं, आणि त्यातल्या काचेच्या फोटो मॅग्नेटवर इतके प्रश्न आलेत की या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच देतेय. ज्यांचा तो अंक हुकला त्यांच्यासाठी थोडक्यात: वरून फुगीर आणि खालून सपाट असा पारदर्शक काचेचा खडा घ्यायचा, सपाट बाजूला छोटं गोल चित्र चिकटवायचं आणि चित्राच्या पाठीवर चुंबक लावायचा. डबा शोधणाऱ्याला ते घरी न्यावंसं वाटतं, खिशात मावतं, फ्रिजवर लागतं. गंमत म्हणजे चित्र कुठलं निवडू हे फार थोड्यांनी विचारलंय, बाकी सगळे अडलेत ते खड्याच्या पाठीमागे, गोंद, कागद, पाणी आणि चुंबक यांच्यात. आणि बरोबरच आहे ते, मॅग्नेट टिकणार की नाही हे पाठच ठरवते.

ताई, मी जिओकॅशिंग नुकतंच सुरू केलंय. डब्यातून वस्तू घेतली तर तितक्याच मोलाची ठेवायची म्हणतात, मग घरी केलेला मॅग्नेट चालतो का? आणि तो करायला नेमकं काय काय लागतं?
— नवीन भिडू

चालतो काय, मला विचाराल तर बाजारातून आणलेल्या प्लॅस्टिकच्या खेळण्यापेक्षा हे केव्हाही सरस. नियम साधा आहे, जे घ्याल तेवढ्याच किंवा त्याहून जास्त मोलाचं ठेवा आणि लॉगबुकमधे, म्हणजे डब्यातल्या नोंदवहीत, नोंद करा. ही प्रथा या खेळाइतकीच जुनी आहे. २००० सालच्या मे महिन्याच्या सुरुवातीला अमेरिकेनं जीपीएसच्या सिग्नलमधे मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली, त्याआधी साध्या रिसीव्हरवर जागा १०० मीटरपर्यंत इकडेतिकडे दाखवली जायची, ती एकदम अचूक व्हायला लागली, आणि लगेच ३ मे २००० ला डेव्ह उल्मर यांनी ओरेगॉन राज्यात एक बादली लपवून तिचे कोऑर्डिनेट्स (अक्षांश-रेखांश) इंटरनेटवर टाकले. त्या बादलीत वही-पेन्सिल होती आणि सोबत सॉफ्टवेअर, पुस्तकं, व्हिडिओ, थोडे पैसे, बेचकी आणि बीन्सचा एक बंद डबा. काही घ्या, काही ठेवा, एवढंच सांगितलेलं. आज डब्यात खायचा पदार्थ ठेवायला मनाई आहे (जनावरं वासानं डबा फोडतात), पण देवाणघेवाणीची रीत तीच राहिलीय.

आता सामान. काचेचे खडे दोन प्रकारचे मिळतात. एक म्हणजे फुलदाणीत किंवा फिशटँकमधे घालायचे चपटे खडे, हे स्वस्त असतात पण आकार एकसारखा नसतो आणि खालच्या बाजूला कधी कधी काच थंड होताना पडलेली सुरकुती असते. दुसरे दागिन्यांच्या कामाचे, त्यांना कॅबोशॉन म्हणतात, ते अगदी गोल, खालून सपाट आणि ठरलेल्या मापात येतात, २० किंवा २५ मिलिमीटरचे सोयीचे. पहिल्यांदा करताय तर कॅबोशॉनच घ्या. फुलदाणीचे घेतलेत तर प्रत्येक खडा छापील मजकुरावर ठेवून बघा, अक्षरं वाकडी दिसली किंवा मधे रेघ आली तर तो बाजूला काढा, चित्र लावल्यावर ती रेघ नाहीशी होत नाही. रंगीत झाक असलेले, तेलाच्या तवंगासारखे चमकणारे खडे पण नकोत, चित्राचे रंग मारले जातात.

बाकी मग कागदावरचं चित्र, कात्री किंवा गोल पंच, वाळल्यावर पारदर्शक होणारा गोंद, पाठ सील करायला इपॉक्सी (दोन ट्यूबमधलं, कालवून लावायचं पक्कं चिकटद्रव्य), आणि चुंबक. खडे आधी भांडी घासायच्या साबणानं धुवा, कोरडे करा, मग सपाट बाजू स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा आणि त्यानंतर तिथे बोट लावू नका. हे पुसणं सगळ्यात कंटाळवाणं काम आहे म्हणून सगळे टाळतात, पण बोटाचा तेलकटपणा राहिला की गोंद तिथे धरत नाही आणि सहा महिन्यांनी बरोबर त्याच जागेपासून चित्र सुटायला लागतं.

चित्र चिकटवलं तेव्हा छान दिसत होतं, वाळल्यावर मधेच चंदेरी डाग दिसतात, सरळ बघितलं तर नाही दिसत पण जरा तिरकं केलं की दिसतात. काहींमधे तर मधोमध पांढरट ढग राहिलाय तो जातच नाही. काय चुकतंय?
— दोन्ही प्रकारच्या डागांनी वैतागलेली

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्ही नीट सांगते, कारण ज्या ज्या वाचकांनी "फिनिशिंग येत नाही" असं लिहिलंय त्यांचंही उत्तर यातच आहे.

चंदेरी डाग म्हणजे हवा. कागद आणि काच यांच्यामधे जिथे गोंद पोचला नाही तिथे हवेचा पातळ थर राहिला. समोरून बघताना चित्र दिसतं पण जरा फिकं, धुरकट. आणि खडा तिरका केला की तिथे चक्क आरसा होतो, कारण काचेतून हवेत जाणारा प्रकाश साधारण ४२ अंशांपेक्षा जास्त तिरका असला की बाहेर न पडता पूर्ण परत फिरतो, शाळेत भौतिकशास्त्रात पूर्ण आंतरिक परावर्तन शिकलो ते हेच. गोंद भरला असेल तिथे हवा नसते, म्हणून तिथे चित्र कुठूनही बघा, दिसतं. याचा उपयोग करून घ्या. गोंद ओला असतानाच खडा उजेडाकडे धरून तिरका करायचा आणि हळूहळू गोल फिरवायचा, जिथे चांदी चमकेल तिथे हवा आहे, तिथे बोटानं मागून दाबत दाबत ती कडेला घालवायची. वाळल्यावर ही तपासणी करून काही उपयोग नाही.

हवा मुळात शिरूच नये म्हणून गोंद काचेवर घालायचा, कागदावर नाही, आणि तो पसरवायचा नाही, मधोमध एक थेंब ठेवायचा. चित्र त्या थेंबावर उपडं ठेवून मधूनच दाबायचं, म्हणजे थेंब पसरत पसरत कडेपर्यंत जातो आणि हवा त्याच्यापुढे पळते. ब्रशनं गोंद फासला की ब्रशच्या रेघांमधे हवा अडकलीच म्हणून समजा. आणि बाटली हलवू नका, हलवली की गोंदातच फेस होतो.

पांढरा ढग म्हणजे न वाळलेला गोंद. आपला नेहमीचा पांढरा गोंद पाण्यातला असतो, त्यातलं पाणी उडालं की तो पारदर्शक होतो. इथे एका बाजूला काच, तिच्यातून पाणी जाणार नाही. दुसऱ्या बाजूला कागद, त्यातूनच काय ते जाणार. मग कागद जाड फोटो पेपर असेल, ज्याला मागून प्लॅस्टिकचा लेप असतो, तर पाण्याला वाटच उरत नाही, फक्त कडा उरते, आणि मधला गोंद दिवसेंदिवस दुधासारखा राहतो. यावर उपाय म्हणजे साधा कागद घ्या, गोंदाचा थेंब लहान घ्या, आणि खडे उपडे म्हणजे कागद वर करून हवेशीर जागी दोन-तीन दिवस ठेवून द्या. आणि पूर्ण पारदर्शक झाल्याशिवाय पाठीला चुंबक अजिबात लावू नका, तो लावला की उरलीसुरली वाट पण बंद. हेअर ड्रायरची घाई नको, गरम हवेनं वरचा थर आधी सुकतो, आतलं पाणी कोंडतं आणि कागदाला फोड येतात.

घाई असेल तर पारदर्शक सिलिकॉन वापरा असं काही जण सांगतात. त्याचं चित्र सुरेख दिसतं हे खरं, पण सिलिकॉन हवेतल्या दमटपणावर कडेकडून आत वाळत जातं, त्यामुळे तिथेही मधला भाग मागेच राहतो. शिवाय ज्या सिलिकॉनला आंबूस वास येतो त्यातून वाळताना ॲसेटिक ॲसिड सुटतं, ते लोखंडाला गंजवतं, मग चुंबक जवळ असेल तर तोही आला त्यात. म्हणून चित्र लावायला गोंद बरा असं माझं मत.

मी केलेले मॅग्नेट घरी फ्रिजवर एकदम मस्त आहेत. तसेच एका डब्यात ठेवले होते, काही महिन्यांनी परत गेलो तर कागद फुगलेला, निळा रंग सगळीकडे पसरलेला. डबा तर बंद होता! इंकजेटवर छापलेले होते, त्यामुळे झालं का?
— निराश कॅशर

अर्धं त्यामुळे आणि अर्धं कडेमुळे. डबा बंद असला तरी त्यात पाणी जातं हो, पावसात उघडला जातो, झाकणाच्या रबरात कचरा अडकतो, कुणी ओल्या हातानं लॉगबुक लिहून परत ठेवतं, आणि दिवसा तापून रात्री गार होताना आतल्या दमट हवेतलं पाणी थेंब होऊन बसतं. त्यामुळे डबा कोरडा राहील असं गृहीत धरूनच चालू नका, मॅग्नेट महिनाभर ओल्या लॉगबुकला चिकटून पडणार आहे असं धरून करा.

घरगुती इंकजेटची शाई बहुतेक वेळा पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची असते, काही प्रिंटरमधे पिगमेंट शाई असते ती जास्त तग धरते, पण आपल्याला कुठली आहे याची खात्री नसते. साधी परीक्षा करा, छापलेल्या कागदावर पाण्याचा थेंब टाकून मिनिटभरानं बोट फिरवा. पसरली तर ती प्रिंट या कामाची नाही. लेझर प्रिंट किंवा लेझर फोटोकॉपी काढा, तिच्यात शाई नसते, प्लॅस्टिकची भुकटी उष्णतेनं कागदावर वितळवून बसवलेली असते, पाणी तिचं काही करत नाही. पण एक सांभाळा, त्या भुकटीचं पाण्याशी वैर नाही तसं नेलपॉलिशशी मैत्री नाही, नेलपॉलिशमधले सॉल्व्हंट तिला विरघळवतात. पाठ सील करायला म्हणून बरेच जण पारदर्शक नेलपॉलिश फासतात आणि ते कागदातून झिरपून पुढचं चित्र खराब करतं. ते नकोच.

आता कडेचं. कागद पाणी पितो तो कडेनं. मागून कितीही लेप द्या, कागदाची कापलेली कड उघडी असली की पाणी तिथून वातीसारखं आत चढतं. म्हणून चित्र खड्याच्या तळाइतकं कापायचं नाही, त्याहून थोडं लहान कापायचं, चहूबाजूंनी साधारण १ मिलिमीटर काच मोकळी राहिली पाहिजे. २५ मिलिमीटरच्या खड्याला २३ चं चित्र. मग पाठीवर जो शेवटचा लेप द्याल तो कागद ओलांडून त्या मोकळ्या काचेवर उतरतो आणि तिथे काचेला घट्ट बसतो, म्हणजे कागद सगळीकडून बंद, जणू लखोटा. हा १ मिलिमीटर म्हणजे अख्ख्या कृतीचा जीव आहे असं मी म्हणेन, बाकी सगळं थोडं इकडेतिकडे झालं तरी निभावतं.

शेवटचा लेप पांढऱ्या गोंदाचा नको, तो वाळला तरी पाण्यात परत मऊ होतो. दोन ट्यूबवालं इपॉक्सी सगळ्यात भरवशाचं, पाच मिनिटांत घट्ट होणाऱ्यापेक्षा सावकाश, चोवीस तास घेणारं जास्त पक्कं असतं आणि ओलही जास्त सोसतं. दोन्ही ट्यूब सारख्या प्रमाणात घ्या (पाकिटावर वेगळं प्रमाण असेल तर ते), नीट कालवा, टूथपिकनं आधी कडेनं गोल फिरवा आणि मग मधे भरा. खिडकी उघडी ठेवा, हातमोजे घाला, कातडीला ते चांगलं नसतं. आणि झालं की एक मॅग्नेट मुद्दाम वाटीभर पाण्यात बुडवून दोन दिवस ठेवून बघा. तो टिकला तर बाकीचे डब्यात जायला तयार.

सुपरग्लूनं चुंबक लावते पण पडतो. हॉट ग्लू पण वापरून बघितला. कशानं लावू?

दोन्ही सोडा. सुपरग्लू कडक आणि ठिसूळ, मॅग्नेट फ्रिजवर टकटक आपटत बसतो तेव्हा एका धक्क्यात सुटतो, वर त्याच्या वाफेनं काचेवर पांढरट बुरशी आल्यासारखं दिसतं. हॉट ग्लू गारठ्यात काचेवरून अख्खा निघून येतो आणि उन्हात मऊ पडतो. वर सांगितलेलं इपॉक्सी ओलं असतानाच त्यात चुंबक बसवा, वेगळं चिकटवायची गरजच नाही. चुंबकाची ती बाजू आधी सँडपेपरवर जरा घासून घ्या, गुळगुळीत धातूला पकड येत नाही. मात्र निकेलचा लेप असलेला चकचकीत चुंबक घासलात तर लेप गेला त्या जागी गंज धरतो, म्हणून घासलेली जागा पूर्णपणे इपॉक्सीच्या आत गेली पाहिजे. आणि ओल्या इपॉक्सीतले खडे एकमेकांपासून लांब ठेवा, नाहीतर चुंबक रात्रीत सरकून शेजाऱ्याला जाऊन भेटतात.

आम्ही सहकुटुंब जातो, डब्यातली वस्तू निवडायचा मान नेहमी मुलांचा, धाकटा अडीच वर्षांचा आहे. हे मॅग्नेट लहान मुलांच्या हाती गेले तर? छोटे चुंबक गिळण्याबद्दल ऐकलंय म्हणून विचारते.
— एक आई

फार बरं झालं विचारलंत, हे मी मागच्या वेळीच ठळक लिहायला हवं होतं. एक चुंबक पोटात गेला तर तो कदाचित निघूनही जाईल, पण दोन गेले, किंवा एक चुंबक आणि एखादा लोखंडी तुकडा गेला, तर ते आतड्याच्या दोन वेगवेगळ्या वेटोळ्यांतून एकमेकांना ओढतात, मधली आतड्याची भिंत चिमटली जाते, तिचा रक्तपुरवठा थांबतो आणि भोक पडू शकतं. सुरुवातीला मूल अगदी ठणठणीत दिसतं, नंतर उलट्या, पोटदुखी, वरकरणी साधं पोट बिघडल्यासारखं. त्यामुळे चुंबक गिळल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न बघता लगेच हॉस्पिटल गाठायचं.

यातले सगळ्यात घातक ते निओडिमियमचे, लहान, चकचकीत आणि आकाराच्या मानानं प्रचंड ताकदीचे. म्हणून डब्यात ठेवायच्या वस्तूंसाठी ते वापरूच नका असं माझं स्पष्ट म्हणणं आहे. तुमच्या हातून गेलेला मॅग्नेट कुणाच्या घरी जाणार, तिथे किती लहान मूल आहे हे तुम्हाला कधीच कळणार नाही. दोन पर्याय आहेत. काळा फेराइट चुंबक, १८-२० मिलिमीटर रुंद आणि पातळ चकती, तो गंजत नाही आणि एवढ्याशा काचेला फ्रिजवर धरून ठेवण्याइतकी ताकद त्यात सहज असते. किंवा त्याहून सुरक्षित म्हणजे कात्रीनं कापता येणारी रबरी चुंबकाची शीट, तळाच्या मापाची गोल कापून अख्खी पाठ झाकायची. ती ताकदीला कमी, पातळ शीट असेल तर जड खडा फ्रिजवरून घसरतो, म्हणून दीड-दोन मिलिमीटर जाडीची घ्या. सुटून आली तरी चकती मोठी आणि क्षीण.

आणि हे सगळं करूनही काचेचा खडा स्वतः घशात अडकण्याच्या मापाचा आहेच. अडीच वर्षांच्या बाळाच्या हातात नकोच, त्याच्यासाठी डब्यातलं दुसरं काहीतरी निवडा. मॅग्नेट ज्या पिशवीत ठेवाल तिच्यावर "चुंबक आहे, लहान मुलांना देऊ नये" असं ठळक लिहा, चार शब्दांचं काम आहे.

मी सहावीत आहे. भिंगानं ऊन गोळा करून कागद जळतो तसं या मॅग्नेटनं आग लागेल का? तो पण भिंगासारखाच फुगीर आहे. डबा जंगलात असतो म्हणून भीती वाटते.

तुझी शंका अगदी योग्य आहे, आणि उत्तर आहे, नाही लागणार. का ते बघ. खड्याची वरची बाजू फुगीर, म्हणून तो खरंच भिंगाचं काम करतो, त्यामुळेच चित्र जरा मोठं दिसतं. काच पूर्ण अर्धा गोल असती तर चित्र दीडपट दिसलं असतं, आपला खडा त्याहून चपटा असतो म्हणून वाढ थोडीच असते. आता ऊन त्यातून गेलं तर एका बिंदूत कुठे जमेल? अर्ध्या गोलाचा तो बिंदू काचेच्या सपाट तळाच्या पलीकडे असतो, आणि खडा जितका चपटा तितका तो आणखी लांब जातो. आपल्याकडे तळालाच कागद आणि चुंबक लावलेत, म्हणजे ऊन तिथेच अडलं, जमायला जागाच नाही. शिवाय मॅग्नेट बंद डब्यात, अंधारात.

पण चित्र न लावलेला नुसता पारदर्शक खडा वाळक्या गवतात टाकू नकोस, तो तुझ्या भिंगाचा भाऊच आहे. तुला हे स्वतः बघायचं असेल तर मोठ्या माणसाला सोबत घे, नुसत्या खड्यातून पांढऱ्या भिंतीवर किंवा कागदावर बल्बचा उजेड पाड आणि खडा मागेपुढे कर, ठिपका कुठे सगळ्यात बारीक होतो ते मोज. उन्हात नाही हं, बल्बवरच.

चित्रं कुठली छान दिसतात? मी मासिकातली कात्रणं वापरली, मागच्या पानावरची अक्षरं पुढे दिसायला लागली. जुनी पोस्टाची तिकिटं लावली तर?
— कात्रणांचा ढीग असलेली

मासिकाचा कागद पातळ असतो, गोंदानं भिजला की अर्धपारदर्शक होतो आणि मागची छपाई वर येते. इतकंच नाही, काळा फेराइट चुंबक लावला की त्याचा करडा गोल पण पुढून दिसतो. कात्रण आधी जाडसर पांढऱ्या कागदावर चिकटवा, पूर्ण वाळू द्या, मग गोल कापा. आवडतं कात्रण हातचं जाऊ द्यायचं नसेल तर त्याची लेझर कॉपी काढा.

तिकिटं सुंदर दिसतात, बारीक कोरीव रेषांची जुनी तिकिटं तर काचेखाली जिवंत होतात, पण काही तिकिटांची शाई पाण्यात विरघळते म्हणून एक तिकीट भिजवून बघा, आणि कापण्याआधी ते संग्राहकांच्या दृष्टीनं मोलाचं नाही ना याची खात्री करून घ्या.

माझी स्वतःची पसंती मात्र नकाशांना. जुना फाटका ट्रेकिंगचा नकाशा असेल तर त्यातले गोल काढा, डोंगराच्या समोच्च रेषा, नदीचं वळण, एखादी पायवाट, हे सगळं बारीक काम आहे आणि भिंग बारीक कामावरच खुलतं. त्यात जिओकॅशिंग म्हणजे नकाशाचाच खेळ, त्यामुळे डबा शोधून दमलेल्या माणसाच्या हातात नकाशाचा एवढासा तुकडा येणं मला फार आवडतं. फोटो लावायचा असेल तर एकच मोठी गोष्ट असलेला निवडा, एक पान, एक पक्षी, एक दरवाजा. विषय मधोमध, कारण कडेला काच चित्र वाकवते. रंग किंचित उजळ करून छापा, गोंदानं भिजल्यावर ते गडद होतात. आणि फोटो २३ मिलिमीटरवर छोटा करताना ६०० डीपीआयवर (दर इंचाला ६०० ठिपके) ठेवा, म्हणजे साधारण ५५० पिक्सेल रुंद, काच मोठं करून दाखवते तशी छपाईतली खरखर पण मोठी करून दाखवते. फोटो तुम्ही स्वतः काढलेला असू दे, अनोळखी लोकांच्या आणि मुलांच्या चेहऱ्याचे फोटो नकोत, हे डबे कोण उघडेल सांगता येत नाही.

मॅग्नेट कुठल्या डब्यात ठेवावेत? काल एका छोट्या डबीत टाकला तर झाकण लागेना. आणि चुंबकानं जीपीएस बिघडतं का?

नॅनो आणि मायक्रो या सगळ्यात लहान मापाच्या डब्यांमधे नको. मायक्रो म्हणजे १०० मिलिलिटरच्या आतली डबी, जुन्या फिल्मरोलच्या डबीएवढी, २५ मिलिमीटरचा खडा तीत शिरतो खरा पण मग लॉगबुकचं काय, आणि लॉगबुक हीच डबीतली सगळ्यात महत्त्वाची वस्तू. १०० मिलिलिटर ते १ लिटरचा स्मॉल आणि त्यापुढचे डबे योग्य. लोखंडी ॲमो बॉक्स (लष्करातली दारूगोळ्याची पेटी) मिळाला तर मॅग्नेट झाकणाला आतून चिकटवून ठेवा, डबा उघडला की पहिली नजर तिथेच जाते आणि तळाशी साचलेल्या पाण्यापासूनही तो लांब राहतो. प्लॅस्टिकच्या डब्यात छोट्या झिप पिशवीत ठेवा, एका पिशवीत एकच, नाहीतर दोन चुंबक एकमेकांवर आपटून काचेचा टवका उडतो.

जीपीएसचं काही बिघडत नाही, ते उपग्रहांच्या रेडिओ सिग्नलवर चालतं. फोनमधला होकायंत्राचा सेन्सर मात्र चुंबकानं भरकटतो, त्यामुळे मॅग्नेट फोनच्याच खिशात ठेवलेत तर स्क्रीनवरचा बाण भलतीकडे वळेल. दुसऱ्या खिशात ठेवा, एटीएम कार्डापासून पण लांब. आणि ज्यांना पेसमेकर आहे त्यांनी कुठलाही चुंबक छातीच्या खिशात ठेवू नये.

मी ठेवलेला मॅग्नेट पुढे कुठे कुठे गेला हे कळू शकतं का? मागे फोन नंबर लिहू का?
— उत्सुक

फोन नंबर, पत्ता, ईमेल काही लिहू नका. साध्या वस्तूचा माग लागत नाही, ज्यांना तो हवा असतो ते कोड असलेला ट्रॅकेबल टॅग विकत घेतात, शोधणारा तो कोड नोंदवतो आणि टॅगचा प्रवास दिसत राहतो. उल्मर यांच्या त्या पहिल्या बादलीतला बीन्सचा डबा सुद्धा पुढे सापडला आणि आता ट्रॅकेबल म्हणून फिरतो. तुम्हाला तसंच करायचं असेल तर टॅगच्या साखळीत एक लोखंडी वॉशर अडकवा, त्यावर मॅग्नेट इपॉक्सीनं पक्का करा, आणि टॅगच्या पानावर त्याचा फोटो आणि त्यानं कुठे जावं अशी तुमची इच्छा लिहून ठेवा. फक्त टॅगवरचा कोड दिसेल असा फोटो टाकू नका, नाहीतर टॅग हातात न घेताच लोक नोंदी करत बसतात.

टॅग नको असेल तर तुमचं खेळातलं टोपणनाव आणि महिना-साल लिहा, म्हणजे तुमच्या हातचा मॅग्नेट कुणाला दुसऱ्यांदा सापडला तर ओळखू येईल. लिहायचं ते चुंबकावर नाही, घासून पुसलं जातं. चित्राच्या कागदाच्या पाठीवर, कडेच्या बाजूला, पेन्सिलीनं हलक्या हातानं लिहा आणि १८ मिलिमीटरचा चुंबक मधोमध ठेवा, वरून पारदर्शक इपॉक्सी गेलं की अक्षरं पाठीमागून वाचता येतात. जेल पेन आणि स्केचपेन नको, इपॉक्सीत पसरतात. रबरी शीटनं अख्खी पाठ झाकणार असाल तर हे जमणार नाही, मग नाव झिप पिशवीतल्या चिठ्ठीवर.